शिंगलच्या छपराचं आढं बंद करताना: टोप्या कुठून सुरू करायच्या आणि खिळा कुठे मारायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीजवळ, समुद्रापासून तीन-चार किलोमीटरवर, वाडीत २० बाय १२ फुटांची अवजारांची खोली. लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर १२ मिलिमीटरचा प्लाय, वर फेल्ट (डांबरी कागदासारखा थर) आणि त्यावर तीन पाकळ्यांचे ॲस्फाल्ट शिंगल, म्हणजे खालच्या अंगाला खाचा पाडून तीन भाग केलेल्या खडीच्या पट्ट्या. बारा इंचांना पाच इंच चढ. मालक आणि त्यांचा मेहुणा, दोघांनीच खालपासून दोन्ही पाखी झाकत वर आणली. आता आढं उघडं आहे. पश्चिमेच्या पाख्यावरची शेवटची ओळ आढ्याच्या दोन इंच पुढे गेली आहे आणि पूर्वेची मात्र आढ्याच्या तीन इंच अलीकडेच थांबली आहे. गवंडी म्हणतो कोने (आढ्यावर बसवायची कौलं) ठेवून सिमेंट मारा. हार्डवेअरवाला म्हणतो पत्र्याचा रिज टाका. मेहुणा म्हणतो उरलेले शिंगल कापून त्याच्याच टोप्या, म्हणजे आढ्यावरून दोन्हीकडे वाकवायचे तुकडे, लावू. दोन गठ्ठे शिल्लक आहेत, मे संपत आलाय.

मेहुण्याचं ऐका. पण टोप्यांना हात लावण्याआधी पूर्वेच्या पाख्यावर एक ओळ कमी आहे, ती घाला.

तुम्हाला वाटतंय की तीन इंच फेल्टच दिसतोय, वरून टोपी आली की झाकला जाईल. फेल्ट झाकला जाईल, खिळे राहतील उघडे. हिशोब करून बघा. टोपी बारा इंच रुंद, म्हणजे आढ्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच उतरणार. तुमचा वरचा शिंगल आढ्यापासून तीन इंचांवर सुरू होतो आणि पंधरा इंचांवर संपतो. त्याच्या पाकळ्यांमधल्या खाचा खालच्या पाच इंचांत, आणि खिळे त्या खाचांच्या जरासे वर, म्हणजे आढ्यापासून साधारण साडेनऊ इंचांवर. टोपी सहा इंचांवर थांबली, खिळे साडेनऊवर. मधली साडेतीन इंचांची पट्टी पावसाला मोकळी आणि तिच्या खालच्या कडेला खिळ्यांची आख्खी रांग. मला दरवर्षी अशी दोन-तीन छपरं दाखवली जातात आणि प्रत्येक वेळी घरमालक म्हणतो की आढं गळतंय. आढं गळत नसतं, आढ्याखालची न घातलेली ओळ गळत असते.

कुठल्याही शिंगल छपराला लागू पडणारी खूण सांगतो. एक टोपी कापून आढ्यावर नुसती ठेवा आणि तिच्या कडेच्या पुढे, उतारावर बघा. खिळा दिसला किंवा खाचेचं वरचं टोक दिसलं, तर अजून एक ओळ हवी. तुमच्या पश्चिमेच्या बाजूला हे बरोबर जमलंय, तिथे खिळे आढ्यापासून साडेचार इंचांच्या आतच येतात.

पूर्वेची ओळ घालण्याआधी आढ्यावर मागून चिकट असलेली बिट्युमेनची पट्टी टाका. वॉटरप्रूफिंगचं सामान विकणाऱ्याकडे ती मिळते. आठ इंच रुंद कापून घ्या, चार इंच इकडे आणि चार तिकडे. पूर्वेला ती फेल्टवरून उतरून खालच्या शिंगलच्या माथ्यावर एक इंच चढेल, तशीच चढायला हवी. पश्चिमेला शेवटच्या ओळीचा वरचा भाग खिळ्यांच्या वर मोकळाच असतो. तो हलक्या हाताने उचला आणि पट्टी त्याच्या खाली सरकवा. सकाळी शिंगल कडक असतो तेव्हा उगाच ताणू नका, उन्हं जरा वर आली की तो चामड्यासारखा वाकतो.

मग पूर्वेची ओळ. आधीच्या ओळीसारखीच पाच इंच उघडा भाग सोडून, अर्ध्या पाकळीची सांधबदल ठेवून, म्हणजे खाचा एकाखाली एक येत नाहीत. वीस फुटांना सात शिंगल लागतील. ही ओळ आढ्याच्या दोन इंच पुढे जाईल, ती आढ्याच्या धारेवर सरळ कापून टाका. पश्चिमेकडची जी दोन इंच पुढे आलेली आहे ती मात्र कापू नका. तिला आढ्यावरून पूर्वेकडे दुमडा आणि खाली मॅस्टिकचे (ॲस्फाल्टच्या चिकट लेपाचे) चार-पाच ठिपके देऊन दाबून ठेवा. कोणती कापायची आणि कोणती दुमडायची हे आपल्याकडे वारा ठरवतो. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे सांध्याचं तोंड पूर्वेला असावं.

आता इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं या वाऱ्यावरच अवलंबून आहे.

माझे वडील शाकारणीची कामं करायचे. अक्षय्य तृतीया झाली की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. मी दहा-बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर कौलं वर द्यायला जायचो. पहिली काही वर्षं कौलंच केली आणि गेली अठरा वर्षं शिंगल करतोय, लोणावळ्यापासून महाबळेश्वर आणि खाली दापोली-गुहागरपर्यंत. वडील एक गोष्ट सारखी सांगायचे: पन्हळीत पाणी वरून खाली येतं, आढ्यावर खालून वर जातं. लहानपणी ते मला कोड्यासारखं वाटायचं. पुढे एकदा भर जुलैत एका पोटमाळ्यावर बसलो होतो, डोक्यावर हातभर अंतरावर आढं. बाहेर वाऱ्याचा झोत पाख्यावर आपटला की पाणी उतरणीवरून उलटं वर सरकायचं, आणि कोन्याच्या खालच्या फटीतून बारीक तुषार आत यायचे. वारा थांबला की बंद. धार नाही, थेंब नाही, नुसती फुंकर मारल्यासारखी ओल. आढ्यावर उभ्या पावसाचं पाणी टिकतच नाही, दोन्हीकडे वाहून जातं. त्याला भीती झडीची. म्हणून आढ्याच्या कामात प्रत्येक सांधा, प्रत्येक धार आणि प्रत्येक खिळा वाऱ्याकडे बघून ठेवायचा असतो.

गवंड्याचा सल्ला त्याच्या जागी खोटा नाही, पण तो कौलांचा आहे. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. त्यात कौल भाजलेल्या मातीचं, कोनाही भाजलेल्या मातीचा, त्यामुळे त्यांच्यात चुना किंवा सिमेंट धरतं. तिथेसुद्धा भेगा पडतातच, म्हणून तर शाकारणी. शिंगल म्हणजे मुळात ॲस्फाल्ट चढवलेलं फेल्ट आणि वर दगडाची खडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स गावात गुंडाळीच्या छप्पर-फेल्टचे तुकडे कापून हा प्रकार निघाला. ते उन्हात फुगतं, संध्याकाळी आकसतं, मऊ पडतं. त्याच्यावर ताठ सिमेंट ठेवलंत तर पहिल्याच महिन्यात दोघांमध्ये केसाएवढी फट पडेल, आणि झडीला केसाएवढी पुरते. शिवाय त्या प्लायवर कोन्यांचं आणि मालाचं वजन कशाला?

पत्र्याचा रिज चालत नाही असं म्हणणार नाही, चाललेला पाहिला आहे. पण समुद्रापासून तीन किलोमीटरवर साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापलेल्या धारेपासून गंजायला लागतो. त्याचे स्क्रू उघड्यावर राहतात आणि त्यांच्या रबरी वॉशरना आपलं ऊन तीन-चार वर्षांत खाऊन टाकतं. आणि शिंगलच्या पायऱ्या-पायऱ्यांवर सपाट पत्रा नीट बसत नाही, कडेखाली वारा शिरतो. निसर्ग चक्रीवादळानंतर, म्हणजे ३ जून २०२० नंतर, मी इकडे जी छपरं दुरुस्त केली त्यांत पत्र्याचे रिज बरेचदा एका टोकापासून सोलल्यासारखे उचकटलेले होते. एकदा टोक सुटलं की आख्खी लांबी जाते. शिंगलची टोपी गेली तर पाच इंचांचा प्रश्न असतो.

तर टोप्या. तीन पाकळ्यांचा शिंगल बारा बाय छत्तीस इंचांचा, त्याच्या तीन टोप्या होतात. (तुमचे शिंगल मीटरच्या मापाचे, म्हणजे एक मीटर लांब असतील तर टोपी तेरा इंचांच्या आसपास येईल आणि उघडा भाग पाच ऐवजी पाच इंच पाच सूत ठेवायचा, आठ सुतांचा एक इंच. गठ्ठ्यावर छापलेलं असतं, तेच धरा.) वीस फुटांच्या आढ्याला पाच इंचांनी अठ्ठेचाळीस टोप्या, सुरुवातीचं अस्तर आणि चुकलेले तुकडे धरून चौपन्न. म्हणजे अठरा शिंगल. पूर्वेच्या ओळीचे सात मिळवले तर पंचवीस. दोन गठ्ठ्यांत आरामात होईल.

कापताना शिंगल पालथा घाला आणि मागून कापा. खडीच्या बाजूने कापलं तर कटरचं पातं चार शिंगलांत बोथट होतं. खाचेच्या टोकापासून वरच्या कडेपर्यंत सरळ नाही, तिरकं कापायचं, म्हणजे वरचा भाग दोन्हीकडून इंच-इंच अरुंद होतो. हे शोभेसाठी नाही. टोपीचा वरचा सात इंचांचा भाग पुढच्या टोपीखाली जाणार असतो. तो तेवढाच रुंद ठेवला तर जरा हात हलला की बाजूने कान बाहेर डोकावतो, खालून बघणाऱ्याला आढं करवतीच्या दात्यांसारखं दिसतं आणि त्या कानात वारा अडकतो. मी एक टोपी बेताने गुण्या लावून कापतो आणि तिचाच साचा करून बाकीच्या कापतो, सावलीत बसून, आदल्या दिवशी. छपरावर बसून कापाकापी करू नका, पातं खालच्या शिंगलवर उठतं.

मागच्या बाजूला प्लास्टिकची एक पट्टी चिकटवलेली दिसेल. ती काढायची नाही. गठ्ठ्यात एकावर एक शिंगल चिकटू नयेत एवढ्यासाठी ती असते. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

आढ्यावर दोरी मारून घ्या. एका टोपीची खालची कड दोन्ही टोकांना टेकवून खूण करा, आढ्यापासून साधारण सहा इंचांवर, आणि एकाच पाख्यावर रेघ मारा. टोप्यांची एक कड त्या रेघेवर चालली की दुसरी आपोआप सरळ येते. रेघेला पांढरी खडूपूड वापरा. सुताराच्या दोरीतली लाल काव शिंगलच्या खडीत बसली की वर्षानुवर्षं जात नाही. आणि रेघ मारायच्या आधी दोन्ही टोकांना आणि मध्ये, आढ्यापासून शेवटच्या ओळीचं अंतर मोजा. चार सूत फरक असेल तर टोपीखाली झाकला जाईल, विसरून जा. त्याहून जास्त असेल तर नवी पूर्वेची ओळ घालताना आढ्याला समांतर रेघ मारून तिथेच तो खपवा.

सुरुवात कुठल्या टोकाने? तुमचं आढं दक्षिणोत्तर आहे, म्हणून उत्तरेच्या टोकाने सुरू करा आणि दक्षिणेला संपवा. टोपीची उघडी धार नेहमी सुरुवातीच्या टोकाकडे तोंड करून असते. मग नैर्ऋत्येचा वारा प्रत्येक सांध्यावरून घसरत जातो, धारेखाली शिरत नाही. माशाच्या खवल्यांवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा आणि मग उलटा फिरवा, तसा हा फरक आहे. वाऱ्याची दिशा पुस्तकातून घेऊ नका, वाडीत विचारा. लोक झावळ्यांची झड कुठल्या भिंतीला बांधतात, कुठल्या गडग्यावर शेवाळ जाड आहे, ते बघा. डोंगराच्या खोबणीत घर असेल तर वारा भलत्याच बाजूने येतो.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः मार खाल्लाय. लोणावळ्याला एका बंगल्याचं काम होतं, शिंगलमधलं माझं दुसरं-तिसरंच. शिडी लावायला जागा नेमकी पश्चिमेच्या टोकाला होती, सामानही तिकडूनच वर येत होतं, तर म्हटलं इथूनच सुरू करू. एका दिवसात आढं बंद केलं, फोटोही काढले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मालकाचा फोन आला की बागेत काळे तुकडे पडलेत. अकरा टोप्या गेल्या होत्या, सगळ्या पश्चिमेच्या टोकाच्या, आणि उरलेल्यांपैकी निम्म्या पुस्तकाच्या पानासारख्या उभ्या राहून परत बसत होत्या. भर पावसात ताडपत्री बांधली आणि ऑक्टोबरमध्ये स्वखर्चाने आख्खं आढं उलटं केलं. पूर्वेच्या टोकाला शिडीसाठी परांची बांधायला तेव्हा जेमतेम तासभर लागला असता.

पहिल्या टोपीखाली अस्तर लागतं. एक टोपी घ्या, तिचा खालचा पाकळीचा पाच इंचांचा भाग कापून फेका, उरलेला वरचा भाग उत्तरेच्या कडेला बसवा, मॅस्टिकच्या पातळ थरावर. त्याच्यावर पहिली पूर्ण टोपी, कडेपासून चार सूत बाहेर. हे टोक वाऱ्याच्या उलट बाजूला असलं तरी भिंतीवरून वर चढणारा झोत तिथेही धडकतो, म्हणून पहिल्या टोपीला हात आखडू नका.

आता खिळे. प्रत्येक टोपीला दोनच, एक इकडे आणि एक तिकडे. टोपीच्या उघड्या धारेपासून साडेपाच इंच मागे आणि बाजूच्या कडेपासून एक इंच आत. पुढची टोपी पाच इंच सोडून बसते, म्हणजे खिळा तिच्या खाली अर्धा इंच जातो. ही अर्ध्या इंचाची ओढणी महत्त्वाची. खिळा चार इंचांवर मारलात तर तो उघडा, सात-आठ इंचांवर मारलात तर टोपीची धार सैल राहते आणि वारा तिला वाजवत बसतो. लांबी दीड इंच. नेहमीच्या ओळींना सव्वा इंची पुरतो, पण इथे दोन टोप्या, दोन शिंगल आणि पट्टी, असे थर आहेत. खिळ्याचं टोक प्लायच्या खाली थोडं बाहेर आलंच पाहिजे. खोलीला छत नसेल तर ती टोकं खालून दिसतील, दिसू द्या. डोकं रुंद, तीन सुतांचं. तुमच्या अंतरावर खारा वारा पोचतो, म्हणून स्टेनलेस स्टीलचे मिळाले तर उत्तम. आढ्याला शंभरच्या आसपास खिळे लागतात, तेवढा खर्च डोळ्यांत भरणार नाही. नाहीतर गरम जस्तात बुडवलेले घ्या, चकचकीत पातळ मुलाम्याचे नकोत.

लोखंडी सांगाड्याची एक गंमत असते. आढ्याजवळचा आडवा पाइप नेमका खिळ्याच्या रांगेत आला तर खिळा वाकतो, किंवा टणकन उडून डोळ्यासमोरून जातो. म्हणून आधी खालून मोजून घ्या पाइप आढ्यापासून किती अंतरावर आहे. अडत असेल तर खिळा कडेपासून एका इंचाऐवजी दीड इंच आत घ्या. चष्मा घाला, हे वेगळं सांगायला नको.

ठोकताना हातोडी शेवटच्या ठोक्याला आवरायची. डोकं शिंगलला टेकलं की झालं. आत रुतलं तर खडी फुटते आणि खिळा भोक मोठं करून ठेवतो. वर राहिलं तर पुढची टोपी त्याच्यावर उन्हात मऊ होऊन बसते आणि एका पावसाळ्यात तिथे डोळ्यासारखं छिद्र पडतं. ठोका बरोबर बसला की आवाज बदलतो, ठक्‌-ठक्‌ चालू असतं ते एकदम बसकं होतं. चार टोप्या झाल्या की तुमच्याही कानाला कळायला लागेल.

टोपी वाकवताना एकदम मध्यावर घडी घालू नका. आढ्यावर ठेवा, दोन्ही तळहात दोन पाख्यांवर टेकवून हळूहळू खाली दाबा, म्हणजे वाक गोलसर येतो. दापोलीत मे महिन्यात शिंगल तडकायची भीती नाही. महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी आहे, तिथे आम्ही गठ्ठा आधी तासभर उन्हात ठेवतो. तुमचा त्रास उलटा आहे. दुपारी छपराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो, शिंगल इतका मऊ होतो की बुटाची नक्षी उमटते आणि खडी सुटते. साडेसहाच्या सुमाराला दव वाळलं की चढा, दहाला उतरा. दोन सकाळी पुरतील.

तुमच्याकडे पाऊस आठ-दहा दिवसांवर आहे म्हणून एक जास्तीचं काम. शिंगलवर काळ्या चिकट ठिपक्यांची रेघ असते, ती उन्हाने तापून वरच्या टोपीला चिकटते. हे चिकटायला कडक उन्हाचे काही दिवस लागतात आणि त्यावर धूळ बसली असेल तर ती नीट चिकटतही नाही. तेवढे दिवस मिळतील याची खात्री नाही. म्हणून प्रत्येक टोपीच्या उघड्या धारेखाली, दोन्ही कोपऱ्यांजवळ, ॲस्फाल्टच्या मॅस्टिकचा एकेक ठिपका द्या. दोन रुपयांच्या नाण्याएवढा. एवढाच. लोकांना वाटतं जास्त म्हणजे पक्कं, आणि ते पोळीला तूप लावल्यासारखं फासतात. त्या मॅस्टिकमधलं द्रावण शिंगलचं ॲस्फाल्ट मऊ करतं, वरून फोड येतात आणि दोन उन्हाळ्यांत खडी गळते. रस्त्याचं डांबर गरम करून ओतायचा विचार कोणी सुचवला तर हात जोडा. सिलिकॉनही नको, ते ॲस्फाल्टला धरत नाही, वर्षभरात रबराच्या दोरीसारखं सोलून हातात येतं.

पंचेचाळिसाव्या टोपीच्या सुमाराला नाही, त्याच्या बरंच आधी, पस्तिसाव्याला थांबून उरलेलं अंतर मोजा. शेवटी दोन इंचांची चिंधी उरणार असं दिसलं तर पुढच्या दहा टोप्यांत प्रत्येकी एक-दोन सूत कमी सोडा. वाढवू नका, कमीच करा, म्हणजे खिळ्यावरची ओढणी कमी होत नाही.

शेवटची टोपी दक्षिणेच्या टोकाला, थेट वाऱ्याच्या तोंडावर. हिचे खिळे झाकायला पुढची टोपी नाही, म्हणून इथे फक्त खडी असलेला पाकळीचा भाग कापून घ्या. तो मॅस्टिकवर बसवा आणि चार कोपऱ्यांना चार खिळे मारा. आख्ख्या आढ्यावर उघडे राहणारे खिळे हेच चार. त्यांच्या डोक्यावर मॅस्टिकचा ठिपका द्या. मग एका टाकाऊ तुकड्यावरची खडी कटरने खरवडून मुठीत घ्या आणि त्या ओल्या ठिपक्यांवर बोटाने दाबून बसवा. ठिपका दिसेनासा होतो. पण मुख्य म्हणजे ऊन थेट मॅस्टिकवर पडत नाही, त्यामुळे ते तडकत नाही. वरची खडी असते ती याचसाठी, ॲस्फाल्टला सावली द्यायला. ही खडी दाबण्याचं काम मी अजूनही पोरांना देत नाही, स्वतः करतो. का ते सांगता येणार नाही, आवडतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की आढ्यावर हवेचा व्हेंट बसवू का. अवजारांच्या, बिनछताच्या खोलीला गरज नाही, दोन समोरासमोरच्या खिडक्या बस. आढ्याच्या व्हेंटला खाली वळचणीतून हवा आत यायला वाट हवी असते. ती नसेल तर तो वाऱ्यात उलटा चालतो आणि हवेबरोबर पाणीही ओढतो. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे आढ्याला चीर पाडायची तर कारण तसं मोठं पाहिजे.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाचे शिंगल दोन थरांचे, जाड, लाकडी फळ्यांसारखे दिसणारे असतील तर त्यांच्या टोप्या कापायला जाऊ नका. ते आढ्यावर नीट वाकत नाहीत, वाकवले तर थर सुटतात. त्यांच्यासाठी वेगळे रिजचे तुकडे येतात. ते नसतील तर त्याच रंगाच्या जवळचा तीन पाकळ्यांचा एक गठ्ठा मागवा. रंग किंचित वेगळा दिसला तरी आढं उठून दिसतं, वाईट दिसत नाही.

चढताना दोर बांधा. आढ्यावरून पलीकडे टाकून पलीकडच्या झाडाला, घराच्या खांबाला नाही. बारा इंचांना पाचचा चढ फसवा असतो, उभं राहता येतं म्हणून माणूस बेफिकीर होतो आणि सुटलेल्या खडीवरून पाय जातो. सकाळचं दव वाळल्याशिवाय वर पाऊल ठेवू नका. आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसून मागे-मागे सरकत काम करा, म्हणजे बसवलेल्या टोप्यांवर बूड टेकत नाही. मेहुणा खालून टोप्या देईल. देताना तिरक्या कापलेल्या टोकाकडून धरून द्यायला सांगा, नाहीतर दर वेळी हवेत फिरवून घ्यावी लागते.

पहिल्या मोठ्या झडीच्या दिवशी टॉर्च घेऊन खोलीत जा. प्लायच्या खालून आढ्याच्या दोन्ही बाजूंना हात फिरवा. ओल लागली तर तिथे पेन्सिलीने गोल करा, तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहा, आणि लगेच वर चढू नका. पाणी प्लायवरून फूट-दीड फूट सरकून मग थेंब धरतं, त्यामुळे ओल दिसते तिच्या वरच्या अंगाला शोधायचं असतं. दोन-तीन झडींच्या खुणा जमल्या की त्या एका रेषेत येतात आणि नेमका कुठला खिळा ते कळतं. मग एखादी चार तासांची उघडीप मिळाली की तेवढीच एक टोपी उचलायची. त्यासाठी सहा-सात टोप्या कापून आताच बाजूला ठेवा, सपाट, सावलीत, वर वजन न ठेवता.